अनुभव धागा : सेवेत जीव कशाने भरतो?

गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या तरुण संघातल्या एकाने विचारलं, "पाळकसाहेब, एवढी वर्षं सेवा केलीत, मिळालं काय?" मी उत्तर दिलं, पण ते मलाच अपुरं वाटलं. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. तेव्हापासूनची आपली गोष्ट सांगताना आपण शाळा किती, बाप्तिस्मे किती, असंच मोजत जातो. इथे आकडे नकोत. ज्याच्या दुःखात तुम्ही स्वतः शेजारी बसलात, अशा एका माणसाविषयी लिहा. नाव मात्र लिहू नका.

मंडळीतले एक वडील (चर्चचे ज्येष्ठ सेवक), पन्हाळा तालुका

तो गुळव्या होता, गुऱ्हाळावर गूळ करणारा. पाण्यात पाकाची गोळी टाकून काहील (रस आटवायची मोठी कढई) कधी उतरवायची ते अचूक सांगायचा. दारू लागली आणि हात थरथरायला लागले. एका हंगामात दोन काहिली जळाल्या, मग कुठल्याच गुऱ्हाळावर त्याला उभं करेनात. दर बुधवारी मी त्याच्याकडे जायचो. पहिले चार महिने तो मागच्या दाराने निघून जायचा. मग मी त्याच्या बायकोसोबतच प्रार्थना करून परतायचो. एकदा मात्र तो घरात थांबला आणि म्हणाला, "भाऊ, पाक जळाला की त्याचा गूळ हुईत न्हाई. माझंबी तसंच झालंय."

मला उत्तर सुचलं नाही. नुसता बसून राहिलो.

त्यानंतर तो दोनदा सुटला आणि दोनदा परत पडला. दुसऱ्या वेळी मी चिडून तीन आठवडे गेलोच नाही. त्याची खंत अजून आहे, कारण तिसऱ्या आठवड्यात तोच माझ्या दारात आला. "बुधवार चुकला तुमचा," एवढंच म्हणाला. यंदा उपकारस्तुतीच्या उपासनेत त्याने स्वतः उतरवलेल्या काहिलीतली ढेप वेदीपुढे ठेवली. नंतर अर्पणांच्या लिलावात ती मीच घेतली. अजून फोडवत नाही.

संडे स्कूलची शिक्षिका, कोल्हापूर

माझ्या वर्गातला एक मुलगा अडखळत बोलायचा. नाताळात त्याने बायबलमधलं 23वं स्तोत्र म्हटलं, मधे दोनदा थांबला, पण पूर्ण केलं. मागच्या बाकावर त्याचे वडील उभे राहिले होते. मला एवढं पुरेसं आहे.

निवृत्त परिचारिका

मिरजेला 1894 साली डॉ. वान्लेस यांनी सुरू केलेल्या दवाखान्यात मी शिकले, नोकरी कोल्हापुरात केली. क्षयाची एक सून यायची, घरात तिचं ताट-तांब्या वेगळं. औषध सहा महिन्यांचं, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं की माणसं गोळ्या सोडतात. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना केली, पण गोळीही चुकू दिली नाही. दोन्ही देवाचीच कामं आहेत, असं मी मानते. उपचार संपल्यावर तिच्या घरी गेले, तेव्हा सासूने तिच्याच ताटात भाकरी मोडली.

तरुण संघ

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, शहर अडकलं. आम्ही सभागृहात भाकऱ्या, पाणी, अंथरुणं पुरवली. अकरा वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ तिथे एकाच सतरंजीवर झोपले होते.

कळंबा कारागृहात भेटीला जाणारा एक जण

मला बदललेले लोक फार थोडे दिसले, हे आधीच सांगतो. 14 वर्षांत बोटांवर मोजता येतील एवढे. सुटून आलेल्याला भाड्याने खोली कोण देतं? नोकरी कोण देतं? मनाने बदललेला माणूसही दारोदार नकार ऐकून परत वाकडा होतो, हे मी पाहिलंय.

त्यातल्या एकाला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, मी त्याच्या बहिणीला पत्र लिहायचो. पाच पत्रं गेली, उत्तर नाही. तरी तो सहावं सांगायला बसला, आणि पहिल्यांदाच "माझी चूक झाली" हे वाक्य त्याने स्वतःहून घातलं. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. खुशाली विचारली नव्हती, माफीचा शब्दही नव्हता. मी वाचून दाखवलं : "पावसात घर गळतंय. सुटलास की आधी कौलं बघ."

त्याने ते कार्ड माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.