शिकवत राहिलं तर सर्जनचा हात बोथट होतो का?

शेवटचं_वर्ष

नमस्कार. सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, संपत आली आहे. युनिटमध्येच शिकवायला राहा, असं आमचे सर म्हणतात. बरोबरीचे बहुतेक जण खासगीत चालले आहेत. पैशांतला फरक माहीत आहे, त्याबद्दल विचारत नाही. भीती वेगळी आहे. लेक्चर, थिसिस, परीक्षा, कमिट्या यांत दहा वर्षं गेली की ऑपरेट करायचा हात राहतो का? ‘ज्याचा हात चालत नाही तो प्रोफेसर होतो’ हे वाक्य ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) चेंजिंग रूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता खरं वाटायला लागलंय.

जुना_युनिटहेड

ते वाक्य आमच्याही वेळी होतं. म्हणणाऱ्यांपैकी निम्मे नंतर अडलेली केस घेऊन प्रोफेसरकडेच यायचे, ते असो.

हात बोथट होत नाही. वाट्याच्या केसेस मात्र कमी होतात, हे आधीच सांगून टाकतो. सोपी केस रेसिडेंटची, मधली त्याच्याकडून करून घ्यायची, आणि अवघड तेवढी तुमची, तीही अर्धीच. पण ‘करून घेणं’ हे स्वतः करण्याहून कठीण काम आहे. थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन घ्या. रेसिडेंट श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खाचेत आवाजाची नर्व्ह शोधत असतो. समोर उभे राहून ग्रंथीचा लोब, म्हणजे एका बाजूचा भाग, मधल्या बाजूला ओढून धरलेला असतो तुम्ही. ओढ योग्य असली तर नर्व्ह त्याला दिसते. तो खूश होतो, आपणच शोधली म्हणून. त्याला तसं वाटू द्यायचं. आणि त्याचा आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) चुकीच्या दिशेला वळला, तरी तो हातातून काढून घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचं. तोंडाने कधी सांगायचं आणि हात कधी घालायचा, हे कळायलाच मला कैक वर्षं लागली.

आता जुना स्विस सर्जन कोखर याच्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. १८७२ मध्ये, तिशीतच, थिओडोर कोखर बर्नला सर्जरीचा प्राध्यापक झाला आणि पुढची चार दशकं तिथेच राहिला. थायरॉइडची पाच हजारांहून जास्त ऑपरेशनं केली. सुरुवातीला शंभरात दहाहून जास्त पेशंट दगावायचे, शेवटी एकापेक्षाही कमी. म्हणजे प्राध्यापकाचा हात चालत नाही, हे तरी मिटलं.

पण त्याचा मोठेपणा मी त्याच्या हातात मानत नाही. त्याच्या काळात व्हिएन्नात बिलरॉथ नावाचा सर्जन होता, झपाट्याने ऑपरेट करणारा. त्याच्या पेशंटना पुढे हातपाय वळायचे, म्हणजे टेटनी. कोखरच्या पेशंटना टेटनी क्वचित, पण ते सुजायचे, मंद व्हायचे, मुलांची वाढ खुंटायची. दोघांचंही काम पाहिलेल्या हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने यावर मार्मिक तर्क केला: बिलरॉथच्या घाईत थायरॉइडचे तुकडे मागे राहत असतील आणि पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम राखणाऱ्या, शेजारच्या लहान ग्रंथी) जात असतील, म्हणून टेटनी; कोखर रक्त न सांडता, शेजारच्या कशाला धक्का न लावता, ग्रंथी अख्खी काढायचा, म्हणून त्याच्या पेशंटकडे थायरॉइड उरायचीच नाही. थोडक्यात, काम जितकं सफाईदार, तितकं पेशंटचं नुकसान पक्कं! आणि ऑपरेशन टेबलावर यातलं काहीच दिसत नाही. जखम सुरेख भरते, पेशंट घरी जातो.

जिनिव्हाच्या रेव्हर्डॅं या सर्जनकडून कोखरच्या कानावर हे आलं. मग त्याने जुन्या पेशंटना पत्रं पाठवून परत बोलावलं, तपासलं, आणि १८८३ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत स्वतःचे निकाल मांडले. साध्या गॉयटरसाठी (थायरॉइडच्या गाठीसाठी) अख्खी ग्रंथी काढणं त्याने सोडून दिलं. लक्षात घ्या, तेव्हा थायरॉइडचं औषध नव्हतं. मरे या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला तो १८९१ मध्ये. म्हणजे ज्यांना बोलावलं त्यांच्यासाठी कोखरला काही करता येण्यासारखं नव्हतं. तरी बोलावलं. १९०९ च्या नोबेलबद्दल सगळे बोलतात, या पत्रांबद्दल कोणी बोलत नाही.

खासगीवाला

सर, आदर ठेवून विरोध करतो. हॉलस्टेडचं नाव आलंच आहे म्हणून. स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीचे स्नायूही काढायचं ऑपरेशन त्याने १८९४ मध्ये ५० केसेसवरून मांडलं. जागेवरच गाठ परत येण्याचं प्रमाण कमी, हा त्याचा दाखला. बाई किती जगली हा प्रश्न वेगळा, तो मागे पडला. आणि हे ऑपरेशन पाऊणशे वर्षं पुढे कोणी नेलं? त्याच्याच शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी, मोठमोठ्या विभागांतून. घराणं म्हटलं की गुरूची तान शिष्य बदलत नाही. मी खासगीत असूनही माझ्या प्रत्येक हर्नियाचा फॉलो-अप ठेवतो. त्यासाठी प्रोफेसर व्हावं लागत नाही.

जुना_युनिटहेड

घराण्याचं मान्य. पण ते मोडलं कोणी? १९७१ मध्ये सुरू झालेल्या ट्रायलमध्ये सोळाशेहून जास्त बायका घेऊन बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जनने लहान ऑपरेशन आणि हॉलस्टेडचं ऑपरेशन समोरासमोर ठेवलं. २५ वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले, जगण्यात फरक नाही. फिशरही प्राध्यापकच. इतके पेशंट, इतकी वर्षं, हे एकट्या दवाखान्याचं काम नव्हे. तुमचा हर्नियाचा फॉलो-अप मात्र आमच्या कित्येक विभागांपेक्षा चांगला असणार, हे लिहून देतो.

भूलवाली

पडद्याच्या अलीकडून एक भर. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनला विसरू नका. विद्यार्थी असताना तो आणि त्याचा वर्गमित्र हार्वी कुशिंग ईथरची भूल द्यायचे. १८९५ च्या सुमारास दोघांनी पेशंटची नाडी कागदावर टिपायला सुरुवात केली. आमचा आजचा चार्ट तिथून आला. पुढे कॉडमन म्हणू लागला की प्रत्येक पेशंटचं वर्षभराने काय झालं ते हॉस्पिटलने पाहावं आणि जाहीर करावं. हे बहुतेकांना रुचलं नाही. मोठं हॉस्पिटल त्याने सोडलं. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातले १९११ ते १९१६ मधले ३३७ पेशंट आणि १२३ चुका त्याने छापून टाकल्या. म्हणजे खासगीवाल्यांच्या बाजूनेही एक मत! १९४० मध्ये वारला, तेव्हा थडग्यावर दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसवला.

शेवटचं_वर्ष

सगळ्यांचे आभार. सर, एकच विचारतो. विभाग शिकवणारा आहे की नुसता राबवून घेणारा, हे आधी कसं ओळखायचं?

जुना_युनिटहेड

ओटीचं रजिस्टर मागा. मोठ्या केसेसमध्ये सर्जन म्हणून कोणाचं नाव आहे आणि असिस्टंट म्हणून कोणाचं, हे महिनाभराच्या पानांत कळतं. बॉसचं नाव कायम पहिलं असेल तर सावध. ज्युनिअरचं पहिलं आहे, पण बॉस ओटीत फिरकतच नाही, तर त्याहून सावध. हे सिस्टरना विचारा, त्या खरं सांगतात. मग मॉर्टॅलिटी मीटिंगला मागच्या बाकावर बसा. दगावलेली केस कन्सल्टंट स्वतः मांडतो, की बिचाऱ्या रेसिडेंटला पुढे करतो, ते बघा. पेपर किती छापले हे सगळ्यात शेवटी विचारा. आणि हो, तुमच्या सरांना आठवड्यात ऑपरेशनचे नक्की किती दिवस मिळतील ते लेखी मागा. चिडले तर उत्तर मिळालंच.