आईसाठी टचस्क्रीन फोन आणि सिम, कुठलं घेऊ?

गावकरी: आई देवरुखजवळ असते, बटणाचा फोन गेला. बजेट १२ हजार, रेडमी की सॅमसंग? आणि सिम बदलू का, कारण आत्ताच्याला रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते..

खटपट्या: आधी सिम ठरव रे! शेजाऱ्यांचे फोन घेऊन माजघरातून कॉल लावून बघ, कंपनीच्या मॅपवर जाऊ नकोस. जिओला २जी, म्हणजे जुनं कॉलचं नेटवर्क, नाहीच, कॉल व्होएलटीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच जातात, फोनमध्ये ते चालू पाहिजे. पोर्ट केलंस, म्हणजे कंपनी बदललीस, तरी नंबर तोच राहतो, फक्त सिम ९० दिवस जुनं हवं.

माहेरवाशीण: २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला १३ वेळा, माझी आई विसरायची आणि फोन बंद. वर्षाचाच मारा. फोन कुठलाही घ्या हो, अक्षरं तेवढी मोठी करून द्या.

गावकरी: माजघराचं पटलं, शनिवारी जातोय.