सिअ‍ॅटल ते फेअरबँक्स, सहकुटुंब, गाडीने, सामानासकट

बिऱ्हाड_पाठीवर

नमस्कार मंडळी. नवऱ्याला अलास्कात फेअरबँक्सला नोकरी मिळाली आहे. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. सध्या आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. कॅनडातून अलास्का हायवेने गाडी घेऊन जायचा विचार आहे. गाडी २०१७ची टोयोटा हायलँडर, ऑल व्हील ड्राइव्ह, टो पॅकेज (ट्रेलर ओढायची जोडणी) बसवलेलं. मागे भाड्याचा बंद ट्रेलर लावून निम्मं घर बरोबर न्यावं असा बेत आहे.

प्रश्न असे:
१. नवरा एच-वन-बीवर, मी एच-फोरवर (त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा व्हिसा). दोघांचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकन व्हिसाचे शिक्के संपलेले. मुलं अमेरिकन नागरिक. कॅनडातून परत अमेरिकेत शिरताना अडचण येईल का?
२. किती दिवस धरायचे, मुक्काम कुठे करायचे?
३. गाडीला निघण्यापूर्वी काय काय करून घ्यायचं? प्रत्येक गॅरेजवाला वेगळं सांगतो.
४. ट्रेलर न्यावा की सामान जहाजाने पाठवावं?

आज जूनचा दुसरा आठवडा आहे. नवीन कंपनीने एच-वन-बीचा अर्ज गेल्याच आठवड्यात भरला.

साठ_अक्षांश

आधी कागद, मग गाडी. तुमची निघायची तारीख कागद ठरवतील.

कॅनडाचा व्हिसा तुम्हा दोघांनाही लागेल. ग्रीन कार्ड असतं तर पासपोर्ट आणि कार्डावर भागलं असतं. ट्रान्झिट व्हिसाच्या फंदात पडू नका. तो ४८ तासांपुरता असतो आणि तुम्हाला कॅनडातच आठवडा लागणार आहे. साधा व्हिजिटर व्हिसा मागा. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे अमेरिकेतच देता येतात, मंजुरीनंतर पासपोर्ट पाठवावे लागतात. कधी काही आठवड्यांत होतं, कधी महिने जातात, म्हणून आजच भरा.

आता परतीचं. अमेरिकन शिक्का संपलेला असला तरी ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा-वारीनंतर वैध आय-94वर (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद) परत येता येतं. याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. अट अशी की त्या काळात बाहेर नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. इथेच लोक फसतात. "वाटेत व्हँकुव्हरला शिक्का मारून घेऊ" म्हणून अर्ज करतात, तो रखडला की ही सवलतही हातची जाते. तेव्हा वाटेत शिक्क्याचं नाव काढू नका.

नव्या कंपनीचं आय-797 (एच-वन-बीचं मंजुरीपत्र) मंजूर होऊन हातात पडेपर्यंत सीमा ओलांडू नका. त्याच्या खालच्या भागात नवा आय-94 असतो, तो फाडून पासपोर्टात ठेवायचा. एच-फोरचं मंजुरीपत्र वेगळं येतं, तुमचं आलंय का ते स्वतंत्रपणे पाहा. नवऱ्याचं आलं म्हणजे आपलंही आलं असं नसतं. कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंगबद्दल (जादा फी भरून लवकर निकाल) विचारा, तुमच्या तारखांत ते पैसे वसूल आहेत. आणि दुसऱ्या देशातून जाऊन यायचंय हे कंपनीच्या वकिलाच्या कानावर लेखी घाला.

इतर कागद: मुलांचे पासपोर्ट आणि जन्मदाखले, गाडीचं रजिस्ट्रेशन, कर्ज बाकी असेल तर बँकेचं गाडी देशाबाहेर नेण्याचं संमतीपत्र, विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं विम्याचं कार्ड (मागितलं की मिळतं, बहुधा फुकट), ट्रेलरचा भाडेकरार. त्या करारात कॅनडातून नेण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली हवी. सामानाची यादी दोन प्रतींत, प्रत्येक खोक्याला क्रमांक आणि अंदाजे किंमत. नुसतं "स्वयंपाकघर" लिहू नका, "कुकर २, मिक्सर १, भांडी" असं लिहा. कॅनडाच्या अधिकाऱ्याला एवढंच पाहायचं असतं की माल त्यांच्या देशात राहणार नाही.

आता रस्ता. एकूण साधारण ३,६०० किलोमीटर. सुमास-अ‍ॅबट्सफर्डला सीमा ओलांडा, मग होप, फ्रेझर कॅन्यनमधून कॅश क्रीक, प्रिन्स जॉर्ज, चेटविंड, डॉसन क्रीक. अलास्का हायवे डॉसन क्रीकला सुरू होतो आणि २,२०० किलोमीटरहून थोडा जास्त जाऊन डेल्टा जंक्शनला संपतो. पुढे फेअरबँक्स आणखी १५५. होपहून कोकिहाला हायवेही निघतो, पण त्याचे चढ भारी आहेत. ट्रेलर असेल तर कॅन्यनच बरा.

मुलांबरोबर मुक्काम असे बसतात:
दिवस १: हंड्रेड माइल हाउस
दिवस २: चेटविंड
दिवस ३: फोर्ट नेल्सन
दिवस ४: लिआर्ड हॉट स्प्रिंग्ज. फक्त ३१० किलोमीटर, पण सगळ्यात डोंगराळ टप्पा हाच
दिवस ५: वॉटसन लेक. दुपारीच पोचाल. गावोगावच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेलं ते प्रसिद्ध रान इथलंच, मुलांना मोकळं सोडा
दिवस ६: व्हाइटहॉर्स, ४४० किलोमीटर
दिवस ७: व्हाइटहॉर्सलाच विश्रांती. कपडे धुणं, ऑइल आणि टायर तपासणं
दिवस ८: बीव्हर क्रीक, ४५० किलोमीटर
दिवस ९: फेअरबँक्स, ५१० किलोमीटर

आठवा दिवस नकाशावर सोपा दिसतो, पण डिस्ट्रक्शन बे ते सीमा या पट्ट्यात रस्त्याखाली कायम गोठलेली जमीन आहे. ती जागोजाग वितळते-गोठते आणि डांबर लाटांसारखं उचलतं-खचतं. काही ठिकाणी कडेला छोटी झेंडी असते, काही ठिकाणी तीही नसते. ट्रेलर असेल तर इथे ताशी ६०-७० किलोमीटरवर राहा. वेगाने गेलात तर ट्रेलर जोडायचा सांधा (हिच) खाली आपटतो आणि आतली खोकी छताला लागतात.

लिआर्ड ते वॉटसन लेक या टप्प्यात बायसन (गव्यासारखी मोठी रानजनावरं) रस्त्याच्या कडेला, कधी मधोमध उभे असतात. अंधार पडल्यावर इथे गाडी चालवू नका. युकॉनमध्ये दिवसाही हेडलाइट लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

पेट्रोलचा नियम एकच: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरा. दर विचारू नका. सप्टेंबरअखेर वाटेतले लॉज आणि त्यांचे पंप बंद होऊ लागतात, पण नकाशावर पंप दिसत राहतो. मोबाइलला रेंज नसलेले लांब पट्टे आहेत. नकाशे आधी उतरवून ठेवा आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने तरी घ्या. रस्त्याची स्थिती ड्राइव्हबीसी, ५११ युकॉन आणि ५११ अलास्का या संकेतस्थळांवर रोज सकाळी पाहा.

माझ्या मते १० सप्टेंबरच्या आसपास निघा, २० पर्यंत पोचा. ऑक्टोबरवर ढकलू नका.

स्पॅनर

गाडीचं लिहितो. गॅरेजवाले वेगवेगळं सांगतात कारण दोन वेगळी कामं एकत्र करतात: प्रवासाची तयारी आणि फेअरबँक्सच्या हिवाळ्याची तयारी. सप्टेंबरच्या प्रवासाला पहिली पुरे. दुसरी फेअरबँक्सला पोचल्यावर करा, तिथले मेकॅनिक हेच काम रोज करतात.

सिअ‍ॅटलला करायचं: ब्रेक पॅड, पट्टे आणि होझ तपासणं, ट्रान्समिशनचं तेल, बॅटरीची लोड टेस्ट (चार वर्षांच्या पुढची असेल तर सरळ बदला), वायपर, काचेच्या पाण्याऐवजी न गोठणारं द्रव. टायरची नक्षी चांगली खोल हवी. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून उत्तरेकडच्या बहुतेक रस्त्यांवर एम-प्लस-एस (चिखल आणि बर्फासाठीचे) किंवा हिमकणाच्या खुणेचे टायर लागतात, किमान ३.५ मिलिमीटर नक्षीसह. म्हणजे निघायला उशीर झाला तर हा नियम लागू होतो. पण मग "खिळ्यांचे टायर इथूनच बसवून जाऊ" असं करू नका, वॉशिंग्टन राज्यात ते १ नोव्हेंबरआधी चालत नाहीत. ते फेअरबँक्सला घ्या, फोनवरून आजच नाव नोंदवा. पहिला बर्फ पडला की दुकानांत रांग लागते.

स्टेपनी पूर्ण मापाची हवी, पातळ तात्पुरती नको. ट्रेलरलाही वेगळी स्टेपनी. बारा व्होल्टचा हवेचा पंप, जॅकखाली ठेवायला जाड फळी (कडेची माती मऊ असते), टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना). खडीच्या कामावरून जाताना समोरच्या ट्रकपासून लांब राहा. काचेला टवका उडाला तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. थंडीत आतून हीटर लावला की टवक्याची चीर होते.

फेअरबँक्सला करायचं: ब्लॉक हीटर (बंद इंजिन विजेवर गरम ठेवणारा), ऑइल पॅनखालचं तापणारं पॅड, बॅटरीचं पॅड. तिन्हीच्या वायरी एकत्र करून एक प्लग समोरच्या जाळीतून बाहेर काढतात. तिथे हिवाळ्यात उणे ४० होतं, आणि त्या आकड्याला सेल्सिअस-फॅरनहाइट एकच. गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास प्लग लावायचा, रात्रभर नको, विजेचं बिल फुगतं. त्यासाठी टायमर घ्या. एक्स्टेन्शनची साधी वायर त्या थंडीत काठीसारखी कडक होऊन तडकते. थंडीसाठीची, १२ गेजची घ्या.

कूलंट निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५-३७ सेल्सिअसपर्यंत टिकतं. प्रवासाला ठीक, जानेवारीला नाही. तिथे साठ-चाळीस करतात. शुद्ध कूलंट ओतणं ही नेहमीची चूक आहे. पाण्याशिवाय ते उलट लवकर गोठतं. इंजिन ऑइल झीरो डब्ल्यूने सुरू होणारं, पूर्ण सिंथेटिक.

पोळपाट

ट्रेलरबद्दल माझं मत वर लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळं आहे: नेऊच नका.

हिशेब पाहा. तुमची गाडी टो पॅकेजसह ५,००० पाउंड ओढते असं सांगतात, पण हा आकडा फक्त ओढण्याचा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीवर येतो. भरलेला ट्रेलर ३,५०० पाउंड धरला तर ३५० ते ५२५ पाउंड गाडीवर, त्यात चार माणसं, बॅगा, पेट्रोलचा कॅन. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडीची भारक्षमता लिहिलेली असते, ती इथे ओलांडली जाऊ शकते. मागचा भाग बसतो, हेडलाइट आकाशाकडे, पुढच्या चाकांची पकड कमी, आणि मग त्या लाटांचा रस्ता. शिवाय वॉशिंग्टनमध्ये ३,००० पाउंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, ब्रिटिश कोलंबियात १,४०० किलोंपुढे.

न्यायचाच असेल तर लहान घ्या, एकूण वजन २,५०० पाउंडांच्या आत. साठ टक्के वजन आसाच्या पुढे. मागे जड भरलात तर उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर घाला. पहिल्या ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

दुसरा मार्ग: टॅकोमा बंदरातून अँकरेजला नियमित कंटेनर जहाजं जातात. पॅलेटवर बांधून सामान द्या, पुढे ट्रकने फेअरबँक्सला येतं. पुस्तकं टपालाच्या मीडिया मेलने स्वस्तात जातात. फळीचं स्वस्त फर्निचर नेऊच नका, त्याच्या वाहतुकीच्या खर्चात तिथे जुनं लाकडी मिळेल.

आणि कॅनडाचा व्हिसा वेळेत आलाच नाही तर? गाडीसुद्धा त्याच जहाजाने अँकरेजला पाठवा आणि तुम्ही सिअ‍ॅटलहून विमानाने जा. हा सगळा देशांतर्गत प्रवास, वाटेत सीमा नाही. अँकरेज ते फेअरबँक्स पार्क्स हायवेने सुमारे ५८० किलोमीटर, एका दिवसाचं काम. १५ ऑगस्टपर्यंत पासपोर्ट परत आले नाहीत तर हाच मार्ग धरा.

बिऱ्हाड_पाठीवर

सगळ्यांचे आभार. ट्रेलर रद्द केला. अजून थोडं: मसाले, लोणची, तुळस, कढीपत्त्याचं झाड आणि मुलाचा तबला. यातलं काय नेता येईल? बीव्हर क्रीकला कॅनडाच्या नाक्यावर थांबावं लागतं का? आणि भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत "ड्राय केबिन" फार स्वस्त दिसतात. ओल नसलेलं घर चांगलंच ना?

पोळपाट

मसाले सीलबंद पाकिटांत, नावाच्या चिठ्ठीसह. बिननावाच्या डब्यातली पांढरी किंवा हिरवी पूड सीमेवर कशाला दाखवायची! लोणच्याची बरणी पिशवीत घालून, झाकणाला टेप लावून. कढीपत्ता, ताजा किंवा झाड, अमेरिकेत शिरताना काढून घेतात. लिंबू-संत्र्याच्या बागा पोखरणारी कीड त्यावरून पसरते. झाड सिअ‍ॅटललाच कुणाला द्या. तुळशीची कुंडीही नको, पोचल्यावर बी टपालाने मागवा. औषधं मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विचारलं की सगळं सांगून टाका, न सांगितलेल्या वस्तूचा दंड वस्तूपेक्षा महाग पडतो.

तबला गाडीत माणसांबरोबर ठेवा, डिकीत नको. खरी अडचण पोचल्यावर आहे: हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की पुडी ताणून चिरते. वाजवून झाल्यावर वादी थोडी सैल करा आणि खोलीत ह्युमिडिफायर ठेवा.

साठ_अक्षांश

बीव्हर क्रीकला कॅनडाचं ठाणं कॅनडात येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पुढे चला. अमेरिकेचा नाका तिथून सुमारे ३० किलोमीटरवर, चोवीस तास उघडा. तिथे घड्याळ एक तास मागे करा. खिडकीशी पासपोर्ट, आय-797 आणि आय-94 एकत्र द्या आणि ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन हे शब्द स्वतःहून उच्चारा. नियमाचा छापील कागदही जवळ ठेवा.

ड्राय केबिन म्हणजे नळाला पाणी नसलेलं घर. ओलीचा काही संबंध नाही. पाणी बाहेरून कॅनने भरून आणायचं, अंघोळ सार्वजनिक ठिकाणी, संडास अंगणापलीकडे, उणे ४० मध्येसुद्धा. विद्यार्थी राहतात आनंदाने, चार वर्षांच्या मुलीला घेऊन नको. घरमालकाला तीन गोष्टी विचारा: घर तापवायचं तेल भाड्यात धरलंय का, गाडीला प्लग आहे का, आणि घर टेकडीवर आहे की खाली. थंड हवा दरीत साचते, टेकडीवर त्याच दिवशी बरीच ऊब असते. खाली आणि शेजारच्या नॉर्थ पोल नावाच्या गावाकडे हिवाळ्यात लाकडाचा धूरही साठून राहतो. मुलांपैकी कुणाला दमा असेल तर टेकडीच पाहा, मात्र तिथला चढाचा रस्ता हिवाळ्यात कोण साफ करतं ते भाडेकरारात लिहून घ्या.