‘एराबु’, निवडणे आणि ‘ऑप्शन’

प्रश्न : जपानी मातृभाषा असलेल्यांना इंग्रजीतील ‘चूज’, ‘सिलेक्ट’, ‘पिक’ आणि ‘डिसाइड’ यांतील फरक कसा समजावून द्यावा?

उत्तर : पहिल्या तिन्हींची फार चिंता नको. जपानीतील ‘एराबु’ हे एकच क्रियापद त्या तिघांचे काम करते, शिवाय मतदान करून प्रतिनिधी निवडण्यालाही तेच चालते. आपले ‘निवडणे’ तर तांदळापासून आमदारापर्यंत कुठेही पुरते. ‘पिक’ बोलण्यातला, ‘सिलेक्ट’ निकष लावून पारखण्याचा आणि ‘चूज’ सर्वसाधारण, एवढे सांगितले तरी भागते.

खरी अडचण ‘डिसाइड’ची आहे. दुकानात दोन सदरे हातात धरून घुटमळणारे जपानी गिऱ्हाईक अखेर ‘कोरे नि किमेता’, म्हणजे ‘हाच नक्की केला’, असे म्हणते. यातील ‘नि’ हा प्रत्यय नामामागून येत असल्यामुळे इंग्रजीत वाक्य जुळवताना तो गळून पडतो आणि ‘आय डिसाइडेड धिस शर्ट’ असे लंगडे वाक्य उरते. तिथे ‘डिसाइडेड ऑन’ हवे. त्याच ‘नि’चा ‘कोही नि शिमासु’, म्हणजे ‘कॉफी नक्की करतो’, हा उपाहारगृहातला प्रयोग मात्र शब्दशः उतरवूच नये, कारण कॉफी मागवताना इंग्रज माणूस निवडीचे क्रियापद सहसा वापरत नाही, तो सरळ ‘आय विल हॅव कॉफी’ म्हणतो.

याहून फसवे आहेत ते जपानीत मुरलेले इंग्रजी शब्द. ‘पिक्कुआप्पु’ म्हणजे तिथे पुष्कळांतून मोजके वेचणे. इंग्रजीत त्यासाठी ‘पिक आउट’ आहे. ‘तीन उमेदवारांना पिक अप केले’ असे ऐकले, तर ऐकणाऱ्याला त्यांना गाडीत बसवून आणल्यासारखे वाटेल. ‘ओपुशोन’ची गंमत आणखी वेगळी. मोटार घेताना मूळ किमतीवर जादा पैसे मोजून बसवून घ्यायच्या सोयी, किंवा सहलीत वेगळे शुल्क भरून जोडायची फेरी, हा त्याचा जपानीतला नेहमीचा अर्थ. म्हणजे जपानीत ‘ऑप्शन’ घेतला की काहीतरी वाढते, आणि आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा धडा ‘ऑप्शनला टाकला’ की अभ्यास कमी होतो! इंग्रजीत मात्र समोर असलेल्या पर्यायांपैकी प्रत्येक जण ‘ऑप्शन’च असतो. म्हणून मराठी शिक्षकाने जपानी विद्यार्थ्याला हा शब्द शिकवताना मोटार आणि परीक्षा दोन्ही दूर ठेवून ‘बसने जावे की आगगाडीने’ अशा साध्या उदाहरणापासून सुरुवात करावी.