नागासाकीतील ग्लोव्हर उद्यानासाठी अर्धा दिवस द्यावा का?

फोंडेकर: नोव्हेंबरमध्ये आईसह जपानला जाण्याचे ठरत आहे आणि नागासाकीसाठी एकच दिवस हाती आहे. मिनामी-यामाते टेकडीवरील ग्लोव्हर उद्यानात परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरे जतन केलेली आहेत, असे वाचले. पणजीतील फोंतेनास ही पोर्तुगीज वळणाची जुनी वस्ती नित्य पाहणाऱ्यांना तेथे काही वेगळे दिसेल का? शिवाय आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ कितपत आहे, हेही कृपया सांगावे.

म्हापशेकर: चढ आहे, परंतु तो टाळता येतो. पाच क्रमांकाच्या ट्रामने इशिबाशी या शेवटच्या थांब्यावर उतरावे. जवळच टेकडीवर तिरकस चढणारी सार्वजनिक लिफ्ट आहे. तिने वर जाऊन उद्यानाच्या वरच्या दाराने आत शिरावे आणि घरे पाहत खाली उतरावे, म्हणजे मातोश्रींना फारसा त्रास होणार नाही.

घरांपैकी 1863 मध्ये बांधलेल्या ग्लोव्हर यांच्या घराला सर्वाधिक वेळ द्यावा. मालक स्कॉटिश व्यापारी, पण बांधणारे कोयामा हिदेनोशिन हे अमाकुसा बेटांवरचे जपानी. त्यामुळे आराखडा प्रशस्त व्हरांड्याच्या बंगल्याचा, तर छपरावर जपानी कौले, असा तो संयोग आहे. दिवाणखान्यातल्या मांडणीपेक्षा व्हरांड्याच्या छताची तिरप्या चौकटींची लाकडी जाळी मान वर करून निरखावी. सुताराचा हात तेथे दिसतो.

डिचोलीकर: वरील मताशी सहमत आहे, तथापि एक फरक ध्यानात घ्यावा. फोंतेनासमध्ये आजही माणसे राहतात, तर येथे 1974 मध्ये खुले झालेले संग्रहालयवजा उद्यान आहे. ग्लोव्हर, रिंगर आणि ऑल्ट यांची घरे मूळ जागी आहेत; इतर बरीचशी शहरातून हलवून येथे उभारलेली आहेत. मला त्यात वावगे वाटत नाही, मात्र त्यांना जुनी वस्ती समजू नये.

गोव्याच्या माणसाने उरलेला वेळ देजिमाला द्यावा, असे मी सुचवीन. पोर्तुगीजांना एका जागी कोंडून ठेवण्यासाठी 1636 मध्ये हे कृत्रिम बेट तयार झाले आणि त्यांची हकालपट्टी झाल्यावर 1641 मध्ये डचांना तेथे आणले गेले. त्याआधी, 1582 मध्ये, याच नागासाकीहून युरोपला निघालेले चार जपानी तरुण गोव्यातही थांबले होते. देजिमाच्या आजच्या इमारती बहुतांशी पुनर्बांधणी केलेल्या असून भोवतालचा समुद्रही भरावाखाली गेला आहे. इशिबाशीहून परतताना शिन्ची चायनाटाउनला ट्राम बदलून एक क्रमांकाने तेथे जाता येते.