मनोरुग्णांसाठी पोलिसांचं खास पथक? आधी गाडीत डिझेल टाका

बांधावरचा:
काल इथे एकाने लिहिलं की अमेरिकेतल्या मेम्फिससारखं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेलं पोलीस पथक प्रत्येक तालुक्याला बसवा, म्हणजे खेड्यातल्या मनोरुग्णांचे हाल थांबतील. खाली अंगठ्यांचा पाऊस. मला राहवेना, म्हणून वेगळा धागा.

जून २०२३, पेरणीचे दिवस. माझा चुलतभाऊ तीन रात्री झोपला नव्हता. चौथ्या रात्री विळा घेऊन अंगणात उभा. आईलाच म्हणतो, तू माझी आई नाहीस, तिचं सोंग घेऊन आलीस. ११२ लावला. दीड तासाने गाडी आली. आलेला हवालदार देवमाणूस. चुना-तंबाखू मळत पायरीवर बसला, पावसाच्या गप्पा काढल्या, अर्ध्या तासात विळा त्याच्या मांडीखाली. कुठलं प्रशिक्षण? काही नाही.

खरी वरात पुढे. तालुक्याचं रुग्णालय म्हणे इथे मानसोपचाराचा डॉक्टर नाही, जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला म्हणे डॉक्टर मंगळवारी. वार होता गुरुवार. हवालदार म्हणाला, ठाण्यात ठेवता येत नाही, कायदा आहे. आणि माझ्या गाडीला तालुक्याबाहेर जायची परवानगी नाही. पहाटे पिकअपच्या हौद्यात दाव्याने बांधून अडीचशे किलोमीटर येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेला. भाडं नऊ हजार. आता सांगा, पथक असतं तर त्याने काय केलं असतं? अजून छान गप्पा मारल्या असत्या.

खाकी_निवृत्त:
तुमचा हवालदार चांगला निघाला हे तुमचं नशीब. नशिबावर ठाणं चालत नाही.

मी ३१ वर्षं नोकरी केली. आमच्या वेळी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा, धरायचं आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. एका आठवडी बाजारात एक जण दगड मारत होता. आम्ही चौघे चार बाजूंनी लाठ्या घेऊन गेलो. कवायतीत शिकवलं तसंच. तो मागे सरकत सरकत विहिरीत. वाचला, पण एक पाय गेला. त्याच्या डोळ्यांत आम्ही काय दिसलो असू हे मला कळायला निवृत्त व्हावं लागलं. चार बाजूंनी जायचं नाही, एकानेच बोलायचं, हात रिकामे दिसले पाहिजेत, एवढं कुणी एका दिवसात सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही प्रशिक्षणाची टिंगल करता, मला ते झोंबतं.

मीरा_आशा:
दोघांनाही एक विचारते. पोलीसच कशाला? आमच्या वस्तीवर दारात पोलिसांची गाडी लागली की दुसऱ्या दिवशी गावात 'त्यांच्या पोराला पोलिसांनी नेलं'. आजारी आहे असं कुणी म्हणत नाही. एका घरातल्या बहिणीचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि दाव्याने बांधून? हौद्यात? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात साखळदंडाला साफ बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा २८ जण साखळ्यांमुळेच पळू शकले नाहीत. शिकलेली माणसं तुम्ही.

बांधावरचा:
ताई, तुम्ही होतात का हौद्यात? तो चालत्या गाडीतून उडी मारत होता. दावं माझ्या हातात होतं आणि माझेही हात सोलले होते. एरवाडी मला नका शिकवू.

आणि १४४१६ लावून विळेवाल्याच्या कानाला धरायचा का?

मीरा_आशा:
विळा चौथ्या रात्री आला. पहिल्या तीन रात्री काय चाललं होतं? देवऋषीच ना?

बांधावरचा:
दोन रात्री. हो.

पाटीलकी:
सगळी चर्चा वाचली. पोलीस पाटील हा शब्द एकदाही नाही! गावात पहिला कोण पोचतो? ११२ ला दीड तास, आम्हाला पाच मिनिटं. पण आमची किंमत काय होती, तर महिना ६५०० रुपये. मार्च २०२४ मध्ये १५ हजार केले म्हणून पेपरात फोटो आले. ते वेळेवर मिळतात का, कुणी विचारलं? वर प्रवासभत्त्यासाठी तहसीलला खेटे.

खाकी_निवृत्त:
आला विषय पगारावर.

पाटीलकी:
पगार नाही साहेब, मानधन! तुमचं पेन्शन दर महिन्याला येतं म्हणून सुचतंय.

रानवारा:
पहिले पोचतात हे खरं. आमच्याकडे तर दारूच्या भट्टीवर धाड पडायच्या आधीच पोचतात, भट्टीवाल्याकडे.

पाटीलकी:
तोंड सांभाळून. बेवारस प्रेताजवळ रात्रभर कोण बसतं? तू बसतोस? आत्महत्या झाली की पंचनाम्याला सगळ्यात आधी मी, फास सोडवायला मी. ज्याचं प्रेत उतरवलं तो आठ दिवस आधी माझ्याच ओट्यावर चहा पिऊन गेलेला असतो. तेव्हा त्याला काय विचारायचं हे कुणी शिकवलं मला? मानधनाचं राहू दे. ते शिकवा.

रानवारा:
भट्टीचं मागे घेतो. आमच्या गावापुरतं नाही घेत.

खाकी_निवृत्त:
पाटील, हे आधीच लिहिलं असतं तर भांडण झालं नसतं. तेच म्हणतोय मी. शिकवायचं तर पाटलापासून.

बांधावरचा, मेम्फिसचं अर्धंच वाचलंय सगळ्यांनी, तुम्हीही. १९८८ मध्ये त्यांनी नुसते पोलीस नाही शिकवले. रुग्णालयाशी ठरवलं की पोलिसांनी आणलेला माणूस परत पाठवायचा नाही, दारात ताटकळत ठेवायचं नाही. पोलीस सोडून लगेच गस्तीला मोकळा. आपल्या २०१७ च्या कायद्यातही कलम १०० सांगतं की भटकणारा मनोरुग्ण दिसला तर ताब्यात घ्या, कोठडीत ठेवू नका, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. आणि जिवाला धोका असेल तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. मानसोपचारवालाच लागतो असं नाही. तुमच्या भावाला तालुक्यातच इंजेक्शन देऊन झोपवता आलं असतं.

बांधावरचा:
हे मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही.

खाकी_निवृत्त:
त्या डॉक्टरलाही कुणी सांगितलं नसेल. किंवा सांगूनही त्याला लफडं नको असेल.

मीरा_आशा:
म्हणजे ४० तास पोलिसाला नकोत, डॉक्टरला द्या. मग माझंच म्हणणं आलं की.

बांधावरचा:
तुमचं कसलं आलं! मी पहिल्या ओळीपासून तेच ओरडतोय. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, जुनी चार मनोरुग्णालयं, मराठवाड्यात त्यातलं एक नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बरं, पोलिसांना शिकवा. एक दिवस. खाकीसाहेबांच्या विहिरीसाठी मान्य. पण त्याच दिवशी रुग्णालयवाल्यांनाही त्याच खोलीत बसवा.

पाटीलकी:
आणि पोलीस पाटलाला. प्रवासभत्त्यासकट.

मीरा_आशा:
आशांचं नाव पुन्हा राहिलंच. भाऊ कसा आहे आता?

बांधावरचा:
गोळ्या चालू आहेत. तालुक्याला मिळत नाहीत, महिन्यातून एकदा जिल्ह्याला जातो. एसटीने. स्वतः.

रानवारा:
मंगळवारी ना?

बांधावरचा:
आता बुधवार केलाय. बदलला तेव्हा कळवलं नाही, एक फेरी फुकट गेली.