पेट्या गेला, आता पुढे वाचवत नाहीये (वॉर अँड पीस)

भांडुपची_वाचक
नमस्कार मंडळी. टॉल्स्टॉयचं वॉर अँड पीस गेले पाच महिने वाचतेय, मॉड नवराबायकोचा जुना इंग्रजी अनुवाद, मोबाईलवर फुकट मिळतो तोच. भांडुप ते सीएसएमटी जाता येता, बसायला जागा मिळाली तर दोन प्रकरणं, नाही मिळाली तर दरवाजाजवळच्या दांड्याला धरून अर्धं. नावांचा घोळ होता पण तो पहिल्या दोनशे पानांत सुटला. ऑस्टरलिट्झची लढाई झाली, बोरोदिनोची झाली, नायकांतला एक, आंद्रेई, गेला तेव्हा रडले पण त्याची तयारी लेखकाने आधीपासून करून घेतलेली असते. परवा पेट्या गेला आणि तिथून पुस्तक उघडलंच नाही.

ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, नायिका नताशाचा धाकटा भाऊ, पंधरासोळा वर्षांचा, 1812 मध्ये नेपोलियन रशियावर चालून येतो तेव्हा हट्ट करून सैन्यात जातो. दिनीसॉवच्या गनिमी तुकडीत पोचतो तेव्हा त्याला इतका आनंद झालेला असतो की काय करू आणि काय नको असं होतं, स्वस्तात घेतलेले बंदुकीच्या चकमकीचे शंभर दगड वाटायला काढतो, कॉफीची किटली देऊ करतो, आणि बेदाणे. दहा पौंड बेदाणे घेतलेत, बिनबियांचे, मला गोड खायची सवय आहे म्हणतो, घ्या सगळे घ्या. मग पकडून आणलेल्या फ्रेंच पोराला, नगारा वाजवणाऱ्या, खायला द्यावं असं वाटतं पण मोठे लोक पोरकट म्हणतील म्हणून कितीतरी वेळ बोलत नाही. रात्री एक कॉसॅक त्याची तलवार घासत बसतो आणि त्या आवाजात याला अर्धवट झोपेत अख्खा वाद्यवृंद ऐकू येतो. आणि सकाळी पायदळ येईपर्यंत थांब सांगितलेलं असताना हुर्रे करून घोडा पुढे घालतो आणि डोक्यात गोळी. बस्स. त्यानंतर दिनीसॉवला ते बेदाणे आठवतात, कुत्रं केकाटावं तसा आवाज त्याच्या तोंडून निघतो आणि तो कुंपणाला जाऊन धरतो. आणि लगेच पुढचं वाक्य काय, तर सुटका झालेल्या कैद्यांत पुस्तकाचा नायक पिएर होता! एवढ्या अवाढव्य पुस्तकात या पोराला श्वास घ्यायलाही दोन ओळी नाहीत? राग आलाय मला खरंच.

खरं सांगायचं तर माझा लेक सतरा वर्षांचा आहे, एनडीएची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या अकादमीची, तयारी करतोय. नाही म्हणायचं नाही असं ठरवलंय. पण त्या दिवशी विक्रोळी आलं कधी, घाटकोपर गेलं कधी, कळलं नाही. पुढे वाचू का? का शेवटच्या भागात नुसता इतिहासाचा निबंधच आहे?

गिरगावचा_पुस्तकवेडा
ताई, आधी रागाबद्दल. मला वाटतं त्याने घाईत मारलेला नाही, मरणाला जेवढा वेळ लागतो तेवढाच दिलाय. टॉल्स्टॉय स्वतः तोफखान्यात होता, आधी कॉकेशसमध्ये आणि मग 1854-55 मध्ये सेव्हास्तोपोलला. त्याने पेट्याला जागा आधीच दिलीय की, बेदाणे, दगड, तलवार, ते संगीत, आठ प्रकरणं त्या एका दिवसाला दिलीत. आणि त्याच्याही आधी क्रेमलिनचं ते दृश्य आठवा, झार गच्चीतून बिस्किटं टाकतो आणि हा पोरगा एका म्हातारीला आडवी पाडून बिस्किटासाठी झेपावतो. का हवंय ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. तिथे मी थांबलो होतो, म्हटलं हा काय घरी परत येत नाही.

आपल्याकडे पानिपताची बातमी कशी आली, दोन मोती गळाले, मोहरा इतक्या, आणि खुर्द्याची तर गणतीच नाही. विश्वासराव अठरा वर्षांचा होता, तो मोती म्हणून तरी मोजला गेला. टॉल्स्टॉय खुर्दा मोजत बसतो, तोफेवरचा तो तुशिन, तो नगारेवाला फ्रेंच पोरगा. म्हणून मला हा माणूस आवडतो.

सुभेदार_निवृत्त
मी पायदळात चोवीस वर्षं काढली, मूळ सातारा जिल्हा, आता मुलाकडे मुलुंडला. हे पुस्तक मी मराठी संक्षिप्त वाचलेलं, पूर्ण नाही. पण बेदाण्यांचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझ्या तुकडीत खटावकडचा एक पोरगा आला होता, घरून शेंगदाण्याच्या लाडवांचा पत्र्याचा डबा. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना वाटत सुटला, सीनियरना आधी, लाजत लाजत, आपण यांच्यातले झालो ही एकच हौस. पुढे त्याच्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. डब्याच्या तळाला कागदात गुंडाळलेले दोन लाडू होते. यादीत ते कसे लिहायचे मला कळेना, शेवटी डबा एक नग असं लिहिलं.

ताई, थांब म्हटल्यावर जो थांबतो तो घडवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो, आता प्रशिक्षण तीन वर्षांचं एनडीएला आणि मग अकादमीत आणखी वर्षभर. पेट्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एवढा फरक आहे, लेकाला सांगा.

माटुंग्याची_रश्यनप्रेमी
पुढे नक्की वाचा, आणि लगेच वाचा. पेट्या त्या ओळीत संपत नाही. पुढच्याच भागात बातमी घरी पोचते. पेट्याची आई, पन्नाशीची टवटवीत बाई, महिन्याभरात म्हातारी होऊन खोलीबाहेर येते. नताशा, जी आंद्रेईनंतर स्वतःच संपल्यासारखी झाली होती, ती तीन आठवडे आईच्या खोलीत आरामखुर्चीवर झोपते. तिसऱ्या रात्री आई पलंगावर उठून बसते आणि हळू आवाजात बोलायला लागते, बरं झालं आलास, दमला असशील, चहा घेतोस? किती मोठा दिसायला लागलास. आणि मग नताशाला मिठी मारून पहिल्यांदा रडते. मला दोन्ही वेळा वाचताना त्या चहापाशी पुस्तक मिटून बसावं लागलं.

उपसंहाराचे दोन भाग आहेत, दुसरा इतिहासावरचा निबंध आहे तो सावकाश वाचा किंवा नंतर वाचा. पहिला मात्र सोडू नका. 1820 चा डिसेंबर, पिएर पीटर्सबर्गहून गुप्त मंडळाच्या गोष्टी सांगत असतो आणि कोपऱ्यात आंद्रेईचा मुलगा निकोलेन्का ऐकत असतो, वय पंधरा, आणि ऐकता ऐकता न कळत आत्याच्या नवऱ्याच्या टेबलावरच्या लेखण्या मोडून टाकतो. रात्री त्याला शिरस्त्राणांचं स्वप्न पडतं आणि बाबांनाही आवडेल असं काहीतरी करीन म्हणतो, कथा तिथे थांबते. टॉल्स्टॉयला मुळात झारविरुद्धच्या 1825 च्या उठावातल्या एका माणसावर लिहायचं होतं, तो हद्दपारीतून परत येतो अशी गोष्ट, तिथून मागे मागे जात तो 1805 ला पोचला, जिथे हे पुस्तक सुरू होतं. म्हणजे या पोरापुढे काय आहे ते त्याला माहीत होतं. मला तर ते पेट्याचंच वय परत समोर आणून बसवल्यासारखं वाटतं, फक्त यावेळी लेखक पुढचं सांगत नाही.

भांडुपची_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चहावालं प्रकरण वाचलं. आज गाडीत काही काढलंच नाही, नुसती खिडकीतून बघत होते.

सुभेदार काका, तुमचं लिहिलेलं लेकाला वाचून दाखवलं. लाडवांपर्यंत आल्यावर माझाच आवाज लागेना, मग त्याने फोन घेतला आणि पुढचं त्यानेच वाचलं. त्याला एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातल्या निवडीच्या, मुलाखतीबद्दल तुम्हाला विचारायचंय, पाचसहा प्रश्न लिहून ठेवलेत वहीत. रविवारी इथेच टाकू का?